फाइटिंग गेमचे कंट्रोलर : प्रकार व दोष

दोन खेळाडूंना पडद्यावर समोरासमोर लढवणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये हातातली चाल पडद्यापर्यंत पोहोचवणारी साधने. जॉयस्टिक, गेमपॅड, बिनदांडीचा बटण-बोर्ड, संगणकाचा कीबोर्ड व मोबाइलची टचस्क्रीन हे मुख्य प्रकार. हे खेळ बहुधा सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने चालतात. एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. काही डाव एकदोन फ्रेममध्येच साधावे लागतात. त्यामुळे इतर खेळांत खपून जाणारा दोष इथे थेट पराभव घडवतो.

जॉयस्टिक : 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) या खेळाने आठ दिशांना वळणारी दांडी आणि सहा बटणे ही मांडणी रूढ केली. गेम पार्लरमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९७' खेळलेल्यांचा हात याच दांडीवर बसला. मात्र मागून पुढे जाताना दांडीला मधला टप्पा ओलांडावाच लागतो आणि त्यात वेळ जातो. घरगुती वापराची चांगली स्टिक जड, महाग व आवाज करणारी असते. लोणावळा-कार्ले पट्ट्यासारख्या मुसळधार पावसाच्या भागात ती नीट झाकून ठेवली नाही, तर दमट हवेने स्विचचे धातूचे भाग गंजण्याचा धोका असतो.

गेमपॅड : स्वस्त व सुटसुटीत, पण दिशेचा सगळा भार डाव्या अंगठ्यावर येतो. तिरकी दिशा हुकते, सलग खेळल्यावर अंगठ्याला फोड येतात. सहा हल्ल्यांच्या खेळात उजव्या अंगठ्याखाली चारच बटणे असल्याने उरलेले दोन हल्ले खांद्यावरच्या बटणांवर जातात. तरीही पॅडला दुय्यम ठरवणे चूक आहे : फ्रान्सच्या लफी या खेळाडूने २०१४ची 'इव्हो' ही फाइटिंग गेमची स्पर्धा पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर जिंकली. वायरलेस पॅडची अडचण स्पर्धेत होते. आधीच्या खेळाडूचा पॅड कन्सोलशी जोडलेलाच राहिला आणि त्याचे बटण चुकून दाबले गेले, तर चालू लढत मध्येच थांबते.

बिनदांडीचा बोर्ड : दिशांसाठीही बटणेच असल्याने चाल सर्वांत जलद, पण दांडीवर तयार झालेला हात इथे नव्याने घडवावा लागतो. शिवाय डावे-उजवे एकाच वेळी दाबता येते, जे दांडीवर अशक्य आहे. त्यातून मिळणाऱ्या फायद्यावरून वाद झाले आणि २०२३मध्ये 'स्ट्रीट फायटर' बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने आपल्या स्पर्धांसाठी अशा विरुद्ध दिशांबाबत नियम घातले.

टचस्क्रीन : बोटाला बटणाची कड लागत नाही आणि अंगठे पडद्याचा काही भाग झाकतात.

कीबोर्ड : आपल्याकडचा खरा कंट्रोलर हाच. 'टेकन ३' मूळचा आर्केड व प्लेस्टेशनचा; पण इथल्या असंख्य मुलांनी तो एम्युलेटरच्या मदतीने संगणकावर, दोघांत एक कीबोर्ड घेऊन खेळला. साध्या कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकत्र दाबल्या, तर चौथीही दाबल्याचा भास होतो. तो टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळ नोंदवतच नाही. एकाने बचावासाठी मागची कळ धरून ठेवली आणि दुसऱ्याने पुढे सरकत लाथ मारली, तर ती लाथ जाळीतच अडकू शकते. मग 'माझं बटण लागलंच नाही' ही तक्रार हरलेल्याची सबब ठरते, प्रत्यक्षात ती अनेकदा खरी असते. कुठल्या कळा अडतात हे कीबोर्डागणिक बदलत असल्याने घरी बसवलेला हात सायबर कॅफेत फसतो.

प्रत्येक कळेला स्वतंत्र डायोड असलेल्या कीबोर्डात हा दोष नसतो, पण असा कीबोर्ड महाग पडतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे यूएसबीचा दुसरा साधा कीबोर्ड जोडणे. संगणक दोन्हींच्या कळा एकत्रच वाचतो. मात्र जाळ्या वेगळ्या असल्याने, प्रत्येकाने पूर्वीच्याच कळा आपापल्या कीबोर्डवर दाबल्या की एकाच्या कळांनी दुसऱ्याची चाल अडत नाही.