हीलर (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट)

ब्लिझार्ड एंटरटेनमेंटच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (2004) या ऑनलाइन खेळात सहकाऱ्यांना मंत्रांनी बरे करून जिवंत ठेवणारा खेळाडू. आरंभीच्या ‘मोल्टन कोअर’ या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेत, 40 जण एकत्र लढत. प्रीस्ट, ड्रुइड आणि पक्षानुसार पॅलडिन किंवा शामन या वर्गांचे खेळाडू हीलरची कामगिरी पार पाडत.

मंत्रांसाठी माना, म्हणजे जादूची ऊर्जा, खर्च होते आणि लढत लांबली की ती संपते. म्हणून हीलरचे खरे कसब काटकसरीत आहे. मूळ आवृत्तीत माना खर्चून मंत्र टाकला की पुढचे 5 सेकंद ‘स्पिरिट’ या गुणामुळे होणारी तिची भरपाई सहसा थांबे. त्यामुळे जाणते हीलर अधूनमधून हात आखडता घेत, किरकोळ जखमेला मंत्राची खालची, स्वस्त पायरी वापरत आणि गरज उरली नाही तर सुरू केलेला मंत्र अर्ध्यावर सोडत. केवळ किती उपचार केला या आकड्यांवरून हीलर जोखणे अन्यायाचे आहे, कारण अशी वाचवलेली माना तिथे दिसत नाही.

शत्रूचे वार स्वतःवर घेणारा खेळाडू, म्हणजे टँक, पडला तर बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, इतरांवर वळतो. म्हणून कोणी कोणाला सांभाळायचे हे आधीच ठरवतात. हीलरला स्वतःचा जीवही जपावा लागतो: आगीतून वेळीच बाजूला होणे हासुद्धा उपचाराचाच भाग.