आयोटाची आडवळणी जोडी

१९७८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. ए. विश्वामित्र आणि केंब्रिजच्या ओल्गा केनार्ड यांनी डीएनएच्या तुकड्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. अ‍ॅडेनीन-थायमीनची वॉटसन-क्रिक जोडी तीत स्पष्ट दिसली. कार्स्ट हूगस्टीन यांना मात्र १९५९ मध्येच या क्षारकांची निराळी, दुसऱ्या कडेने जुळलेली जोडी आढळली होती. पेशी ती कशाला वापरेल?

२००४ मध्ये न्यूयॉर्कला अनील अग्रवाल यांच्या गटातील दीपक नायर आणि सहकाऱ्यांनी मानवी डीएनए पॉलिमरेज आयोटाची रचना उलगडली. या विकराची खोबण अरुंद. साच्यातील अ‍ॅडेनीन तीत उलटे फिरते आणि हूगस्टीन जोडी जुळते. थायमीनसमोर ते अ‍ॅडेनीनऐवजी बहुधा ग्वानीन बसवते; नक्कलनवीस म्हणून नापासच! पण इजेमुळे प्युरीनची वॉटसन-क्रिक कड निकामी झाली, की दुसऱ्या कडेवरच प्रत पुढे सरकते. नायर पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आले आणि जिवाणूंमधील आयोटाच्या भाऊबंदांकडे वळले.