कडोली : खेडे हा घटक

बेळगाव तालुक्यातील कडोली नकाशात शोधावी लागते. पण सीमावादाचा सारा इतिहास अशा खेड्यांचाच आहे.

१९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 'खेडे हा घटक' धरून सीमा आखा, असे महाराष्ट्र म्हणत राहिला. १९६७ च्या अहवालात महाजन आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देऊ केली. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

दरम्यान कडोलीने मराठी साहित्य संघ उभा केला आणि वर्षावर्षाला संमेलन भरवले. होमिओपॅथीत रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत टिपायची असते; शब्द बदलला की औषध चुकते. गावाचेही तसेच. आम्हा सीमाभागातल्या जैनांच्या घरांत कन्नड आणि मराठी शेजारी नांदतात, तेव्हा हे कन्नडविरोधी बोलणे नव्हे. निकाल न्यायालय देईल. पण गावाचे म्हणणे गावाच्या शब्दांत लिहिणारी माणसे आपल्याच घरांतून यायची आहेत. आपली नातवंडे मराठी वाचतात ना, एवढे पाहावे.