स्टोक्सने मांडलेले शून्य

मृगाच्या तोंडावर नांदेड-लातूरकडे वीज जवळ पडली तर कानठळ्या बसवणारा कडकडाट होतो. तीच वीज दहा-बारा किलोमीटरवर पडली तर नुसती घरघर ऐकू येते. आवाजातील तीक्ष्ण स्वर वाटेत कोठे गेले? त्यांतील बराच भाग हवेनेच शोषून घेतलेला असतो. हवा हे कसे करते, याच्या शोधात एका गृहीतकाची कथा दडलेली आहे.

आपण वर्गात श्यानता शिकवतो ती एकावर एक सरकणाऱ्या थरांमधील घर्षण म्हणून. मध आणि पाण्याचे उदाहरण दिले की धडा संपतो. परंतु द्रायू नुसता सरकत नाही, तो दाबलाही जातो. थर न सरकता केवळ आकारमान बदलले, तर त्या बदलालाही अंतर्गत विरोध होतो काय? होत असेल तर ती दुसरी श्यानता म्हणावी लागेल. तिला आपण आयतनी श्यानता म्हणू.

१८४५ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने द्रायूंच्या गतीची समीकरणे मांडली. तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्याच्या समीकरणांत ही दुसरी श्यानता येत होती. तिची किंमत त्याने शून्य धरली. पुढे या गृहीतकाबद्दल त्याने स्वतःच शंका व्यक्त केली. पण पाण्याच्या सामान्य प्रवाहात आकारमान जवळजवळ बदलत नसल्याने चूक कोणाला जाणवली नाही. शिवाय १८६७ साली मॅक्सवेलच्या वायूंच्या गतिज सिद्धांतातूनही शून्यच निघाले. त्यातील रेणू मात्र अंतर्गत रचना नसलेले होते. हीलियम, आरगॉन यांसारख्या विरळ एकाणू वायूंना हे लागू पडते. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न मागे पडला आणि गृहीतक पाठ्यपुस्तकांत नियमासारखे नांदू लागले.

निकाल लावला तो ध्वनीने. ध्वनी म्हणजे द्रायूचे सतत दाबले जाणे आणि फुगणे. १९३०च्या दशकात अमेरिकेत नुडसेनने खोल्यांतील ध्वनी मोजले, तेव्हा हवेतील शोषण हिशेबापेक्षा पुष्कळ जास्त आणि आर्द्रतेनुसार बदलणारे आढळले. जर्मनीतील क्नेझरने कारण सांगितले. वायू दाबला की ऊर्जा प्रथम रेणूंच्या धावण्यात जाते. त्यांच्या फिरण्यात व कंपनात ती झिरपायला वेळ लागतो. ती परत येईपर्यंत तरंग पुढे सरकलेला असतो. उसने दिलेले बियाणे सुगीनंतर परत मिळावे, तसे हे झाले: बियाणे आले, पण पेरणी हुकली. अवेळी परतलेली ही ऊर्जा अखेर उष्णतेत जमा होते.

१९४२ साली तिझाने हे सारे आयतनी श्यानतेच्या भाषेत मांडले. कार्बन डायॉक्साइडसाठी त्याच्या हिशेबाने ही श्यानता नेहमीच्या श्यानतेच्या हजारपटीहून अधिक निघाली! १९४९ साली लीबरमनने द्रवांतही ती मोजली. पाण्यात ती नेहमीच्या श्यानतेच्या जवळजवळ तिप्पट भरते. म्हणजे सुमारे शंभर वर्षे आपण जे शून्य समजत होतो, ते बहुतेक पदार्थांत शून्य नव्हतेच.

या कथेचा एक अध्याय मुंबईत लिहिला गेला. सर्वत्र सारखे प्रसरण पावणाऱ्या विश्वात थरावर थर सरकत नाही. केवळ आकारमान वाढते. तेथे नेहमीची श्यानता निरुपयोगी आणि आयतनी श्यानता तेवढी शिल्लक राहते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील थाणू पद्मनाभन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९८७ साली अशा श्यान विश्वांवर निबंध लिहिला. प्रसरणात ही श्यानता परिणामी दाब कमी करते. ती पुरेशी मोठी असेल तर दाब ऋण होऊन प्रसरण वेग घेऊ शकते, असे त्यांनी दाखवले. विश्वाचे प्रसरण खरोखरच वेग घेत असल्याचे १९९८ साली निरीक्षणांतून दिसले. त्याचे प्रचलित स्पष्टीकरण वेगळे आहे. तरीही श्यान विश्वांचा अभ्यास थांबलेला नाही. हे दोघेही शास्त्रज्ञ २०२१ साली निवर्तले.

आम्हांला वाटते, श्यानतेचा धडा शिकवताना हे शून्यही फळ्यावर लिहावे आणि ते कोणी, कशासाठी मांडले ते सांगावे. गृहीतक कोणते आणि मोजलेले कोणते, हा फरक विद्यार्थ्याला एकदा कळला की पुस्तकातील पुढचे शून्य तो स्वतःच तपासून पाहील. पावसाळ्यात गडगडाट झाला की वर्ग क्षणभर थांबवून त्याला एवढेच विचारावे: यातले तीक्ष्ण स्वर कोठे गेले?