वीस मिलिमीटरचा न्याय

गाडीत हवे ते बदल करू द्यायचे आणि शर्यतही बरोबरीची ठेवायची, हे जमणार कसे? मनाई केलेल्या भागांची यादी वाढवत नेणे हा सोपा मार्ग, पण दर मनाईला नवी पळवाट फुटतेच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांना दुसरा मार्ग ओळखीचा आहे. अमेरिकेत १९८१ च्या सुमारास सुरू झालेली, विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांची फॉर्म्युला एसएई स्पर्धा २०११ मध्ये ‘सुप्रा’च्या रूपाने भारतात आली आणि १८५४ सालच्या सीओईपीसारख्या जुन्या संस्थेचे विद्यार्थीही अशा गाड्या बांधू लागले. चासी, सस्पेन्शन, गिअर यांत बरीच मोकळीक. मात्र पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच गोल गळ्यातून जायला हवी. तपासणीत हवेचे तोंड बंद केले, की इंजिन गुदमरून थांबलेच पाहिजे. चालूच राहिले, तर कुठेतरी चोरवाट आहे! टर्बो लावला तरी गळा तोच.

यावर आक्षेप येतो, की पैसेवाला संघ कार्बन फायबर वापरून पुढे जाणारच. खरे आहे, गळा वजन मोजत नाही. पण म्हणूनच खर्चाच्या हिशेबालाही वेगळे गुण आहेत, आणि ऑटोक्रॉस फेरीत रस्त्यावरच्या शंकूंमधून वळताना नुसती ताकद फार पुरत नाही. विजेच्या गाडीला हवाच लागत नाही, मग गळा कसला? तिथे ८० किलोवॅटची मर्यादा घातली आणि गाडीत मीटर बसवला.