काळोखातला कबुलीजबाब

युद्धामुळे अडकून पडलेले अमेरिकी चित्रपट १९४६च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये एकदम लागले. त्यांतली रात्र, गुन्हा आणि अपराधी मन पाहून समीक्षक नीनो फ्रँक यांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, म्हटले. पण हा काळोख निव्वळ अमेरिकी नव्हता. बराचसा निर्वासितांच्या सामानातून आला होता. बिली वाइल्डर हिटलर सत्तेवर येताच बर्लिन सोडून निघाला. मागे राहिलेली त्याची आई नाझींनी मारली. त्याच्या ‘डबल इंडेम्निटी’त (१९४४) खांद्यात गोळी लागलेला विमा एजंट रात्री कचेरीत यंत्रापुढे खुनाची कबुली देतो.

मी कवी माणूस, पिशाच्चांच्या मालिकांपासून लांबच. पण ‘एंजल’ (१९९९ ते २००४) पाहताना मला तोच आवाज ऐकू आला. शहरही तेच, लॉस एंजेलिस. नायक पिशाच्च आहे. एका जिप्सी मुलीला मारल्याबद्दल त्याला शाप मिळतो. आपल्याकडे शापाने माणसाचा दगड होतो. इथे आत्मा परत मिळतो आणि त्याबरोबर जवळजवळ दीडशे वर्षांच्या खुनांची आठवण! आता तो गुप्तहेर होऊन इतरांना वाचवतो. आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही. न्वारच्या अपराध्याला निदान स्वतःचा चेहरा दिसे.

त्याचा खरा शत्रू राक्षस नव्हे, एक वकिली पेढी. पाचव्या वर्षी तो तिचाच प्रमुख होतो, आणि मालिका मला इथे सर्वांत काळी वाटते. अखेरीस पावसाळी रात्र, अरुंद गल्ली, चौघेजण, समोर फौज. तो तलवार उचलतो आणि पडदा काळा होतो.