फॉलोऑन द्यावा की न द्यावा? एका निर्णयाचा इतिहास

आजचा धागा क्रिकेटवरचा असला तरी त्यातला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. एखादा निर्णय योग्य होता की चुकीचा, हे त्याच्या परिणामावरून ठरवावे, की निर्णय घेणाऱ्याला त्या घटकेला जे ठाऊक होते त्यावरून?

प्रारंभ जमैकापासून करू. फेब्रुवारी १९७१. किंग्स्टनच्या सबिना पार्कवर भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने पूर्णपणे वाया गेला. भारताचे कर्णधार अजित वाडेकर. कर्णधार म्हणून त्यांची ही पहिलीच कसोटी. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी त्यांची नेमणूक झाली होती, त्यामुळे मायदेशातील टीकाकार वाटच पाहत होते. सामना सुरू झाला आणि भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली. तेथून मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी डाव उचलला. एकनाथ सोलकरांनी ६१ धावा करून त्यांना साथ दिली, पुढे नवव्या गड्यासाठी प्रसन्नांसह १२२ धावांची भागीदारी झाली. सरदेसाई २१२, भारत ३८७. उत्तरादाखल वेस्ट इंडिजचा डाव २१७ धावांत आटोपला. आघाडी १७० धावांची.

पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते, हे त्या मैदानावरील प्रत्येकाला पाठ होते. परंतु नियमाला एक पोटकलम आहे : सामन्याचे दिवस मोजायचे ते खेळ प्रत्यक्ष सुरू होतो त्या दिवसापासून. पहिला दिवस वाहून गेल्यामुळे तो सामना नियमाच्या दृष्टीने चार दिवसांचा झाला होता आणि चार दिवसांच्या सामन्यात १५० धावांची आघाडी पुरेशी ठरते. वाडेकर थेट यजमानांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सर गारफील्ड सोबर्स यांना त्यांनी सांगितले की, तुम्हाला पुन्हा फलंदाजीला उतरायचे आहे. सोबर्स चकित झाले, ही आठवण त्या दौऱ्याच्या कथनांत वारंवार येते.

धावफलकापुरते पाहिले तर या निर्णयाने काहीच साधले नाही. रोहन कन्हाय यांनी नाबाद १५८ आणि सोबर्स यांनी ९३ धावा केल्या, वेस्ट इंडिजने ५ बाद ३८५ पर्यंत मजल मारली आणि सामना अनिर्णित राहिला. मात्र ज्या संघाला भारताने तोवर एकाही कसोटीत हरवले नव्हते, त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजी करावी लागली. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारत ७ गड्यांनी जिंकला. या दोन घटनांना कार्यकारणाच्या दोरीने घट्ट बांधण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो आवरता घ्यावासा वाटतो. पोर्ट ऑफ स्पेनचा विजय सरदेसाईंच्या ११२ धावांचा, लॉइड आणि सोबर्स यांना टिपणाऱ्या सलीम दुराणींचा आणि पदार्पणातच ६५ व नाबाद ६७ धावा करणाऱ्या सुनील गावसकर नावाच्या तरुणाचा होता. तरीही वाडेकरांनी जे केले, ते फार थोड्या कर्णधारांनी केले आहे : आकडा पाहण्याआधी त्यांनी वेळ मोजली.

कारण फॉलोऑनचा जन्मच वेळेच्या चिंतेतून झालेला आहे. पहिल्या डावात फार मागे पडलेल्या संघाने लगेच दुसरा डाव खेळावा, म्हणजे बलाढ्य संघ निष्कारण फलंदाजी करत बसणार नाही आणि सामन्याचा निकाल लागेल, हा त्यामागचा व्यवहार. १८३५च्या नियमावलीत त्यासाठी १०० धावांची मर्यादा होती. १८५४ मध्ये ती ८० वर आली, १८९४ मध्ये १२० वर गेली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या : या संपूर्ण काळात फॉलोऑन सक्तीचा होता. आघाडी घेणाऱ्या कर्णधाराला कोणी विचारतच नसे. डाव घोषित करण्याची मुभासुद्धा १८८९ मध्ये मिळाली आणि तीही आरंभी सामन्याच्या शेवटच्या दिवसापुरतीच.

या सक्तीने एक अघटित घडवले. डिसेंबर १८९४, सिडनी. सिड ग्रेगरी यांच्या २०१ आणि जॉर्ज गिफन यांच्या १६१ धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाने ५८६ धावा केल्या. इंग्लंड ३२५. म्हणजे २६१ धावांची पिछाडी, आणि नियमानुसार इंग्लंडला पुन्हा खेळणे भाग. अल्बर्ट वॉर्ड यांच्या ११७ धावांच्या साहाय्याने त्यांनी ४३७ पर्यंत मजल मारली. ऑस्ट्रेलियापुढे लक्ष्य अवघे १७७ धावांचे. पाचव्या दिवसअखेर २ बाद ११३. आठ गडी हातात, ६४ धावा बाकी. रात्री पाऊस कोसळला. त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. सकाळी ऊन पडले, ओली माती चिकट झाली आणि बॉबी पील यांच्या डावखुऱ्या फिरकीला तिने अशी काही साथ दिली की ऑस्ट्रेलियाचा डाव १६६ वर संपला. पील यांचे ६७ धावांत ६ बळी. इंग्लंड १० धावांनी विजयी. (पील आदल्या रात्री यथेच्छ मद्यप्राशन करून झोपले होते, ही आख्यायिका पुढे सामन्याइतकीच प्रसिद्ध झाली.)

हा सामना ‘फॉलोऑन देऊन पत्करलेला पराभव’ म्हणून आज यादीत सर्वांत वर असतो. परंतु ऑस्ट्रेलियाचे कर्णधार जॅक ब्लॅकहॅम यांना दोष कशाचा द्यायचा? निर्णय त्यांनी घेतलाच नव्हता. शिवाय तेव्हा ऑस्ट्रेलियात कसोटी सामने निकाल लागेपर्यंत चालत. वेळेची टंचाई नसताना, केवळ वेळ वाचवण्यासाठी निर्माण झालेला नियम त्यांच्या गळ्यात पडला आणि चौथा डाव त्यांच्या वाट्याला आला.

सक्ती मोडली ती मात्र सिडनीमुळे नव्हे, लॉर्ड्सवरील विद्यार्थ्यांमुळे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या वार्षिक सामन्याला तेव्हा मोठी प्रतिष्ठा होती. १८९३च्या सामन्यात एक विलक्षण प्रसंग उभा राहिला. आपल्याला फॉलोऑन मिळावा, म्हणजे थकलेल्या प्रतिस्पर्ध्याला आणखी गोलंदाजी करावी लागेल आणि चौथा डावही त्यालाच खेळावा लागेल, या हिशेबाने ऑक्सफर्डची शेवटची जोडी बाद व्हायला निघाली. तो बेत ओळखून केंब्रिजच्या गोलंदाजाने मुद्दाम चेंडू दूर सीमेपार टाकून धावा बहाल केल्या. पुढच्याच वर्षी मर्यादा १२० झाली. तीन वर्षांनी तेच नाट्य पुन्हा घडले. केंब्रिज ३१९, ऑक्सफर्ड फॉलोऑनच्या उंबरठ्यावर, शेवटची जोडी मैदानात. केंब्रिजचे कर्णधार फ्रँक मिचेल यांच्या संमतीने गोलंदाज शाइन यांनी तीन चेंडू सीमेपार जाऊ दिले, बारा अवांतर धावा दिल्या आणि ऑक्सफर्ड २०२ वर पोहोचून फॉलोऑनपासून ‘वाचले’. पॅव्हेलियनमधील प्रतिष्ठित सदस्य संतापून ओरडू लागले. त्या गदारोळात केंब्रिजचा दुसरा डाव २१२ धावांत संपला आणि ऑक्सफर्डने ३३० धावांचे लक्ष्य ६ गडी गमावून गाठले.

मिचेल यांच्या कृतीला अखिलाडूपणा म्हणणारे पुष्कळ होते. मला ती नियमावरची चोख टीका वाटते. पिछाडीवरचा संघ बाद होण्यासाठी धडपडतो आणि आघाडीवरचा संघ त्याला धावा वाटतो, अशी स्थिती ज्या नियमाने येते तो नियमच उलटा टांगलेला असला पाहिजे. १९०० मध्ये फॉलोऑन ऐच्छिक झाला. तेव्हापासून यश किंवा अपयशाची जबाबदारी कर्णधाराच्या नावावर लिहिली जाऊ लागली.

मग कर्णधार काय तोलतो? आघाडीचा आकडा केवळ दार उघडतो. आत शिरावे की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते : आपल्या गोलंदाजांनी आताच किती षटके टाकली आहेत, किती वेळ उरला आहे, आणि चौथ्या डावात खेळपट्टी कशी वागेल. यातील पहिली गोष्ट जुन्या काळी थोडी सोपी होती, कारण कसोटीच्या मध्ये विश्रांतीचा दिवस असे. जून १९७४ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या, भारताला ३०२ वर रोखले आणि शनिवारी फॉलोऑन दिला. रविवार विश्रांतीचा. सोमवारी ताज्या दमाच्या अर्नोल्ड आणि ओल्ड यांनी १७ षटकांत भारताचा डाव ४२ धावांत गुंडाळला. भारताचे कर्णधार होते तेच अजित वाडेकर.

अर्थात रविवारची विश्रांती ही काही हमी नव्हे. जुलै १९८१ मध्ये हेडिंग्लेला किम ह्यूज यांनी २२७ धावांच्या आघाडीवर इंग्लंडला फॉलोऑन दिला, तोही शनिवारीच. सोमवारी इंग्लंड ७ बाद १३५. डावाचा पराभव टाळण्यासाठीही ९२ धावा हव्या होत्या. इयन बोथम यांनी नाबाद १४९ धावा कुटल्या, १३० धावांचे लक्ष्य गाठताना ऑस्ट्रेलिया १११ वर कोसळली आणि बॉब विलिस यांनी ४३ धावांत ८ बळी घेतले. ७ बाद १३५ असताना ह्यूज यांचा निर्णय चुकला आहे असे म्हणणारा माणूस साऱ्या लीड्समध्ये सापडला नसता.

आता कोलकाता, मार्च २००१. स्टीव्ह वॉ यांच्या निर्णयावर गेली अनेक वर्षे टीका होत आली आहे, म्हणून त्यांची बाजू नीट मांडू. सलग १६ कसोटी जिंकलेला संघ. मुंबईची कसोटी तीन दिवसांत १० गड्यांनी जिंकून आलेला. ऑस्ट्रेलिया ४४५. तिसऱ्या दिवशी सकाळीच भारत १७१ वर बाद. आघाडी २७४. भारताचा डाव जेमतेम ५८ षटके चालला होता, म्हणजे मॅकग्रा, गिलेस्पी, कॅस्प्रोविच आणि वॉर्न फारसे थकलेलेही नव्हते. या माहितीवर शंभरातील नव्वद कर्णधारांनी फॉलोऑनच दिला असता.

वॉ यांना जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते असे : पहिल्या डावात ५९ धावा करून शेवटी बाद झालेल्या लक्ष्मणला भारत तिसऱ्या क्रमांकावर पाठवील आणि द्रविड सहाव्या क्रमांकावर येईल. तिसऱ्या दिवसअखेर भारत ४ बाद २५४. चौथ्या दिवसअखेर ४ बाद ५८९. त्या संपूर्ण दिवसात एकही बळी पडला नाही. ३७६ धावांची भागीदारी, लक्ष्मण २८१, द्रविड १८०. खरा प्रश्न येथेच दिसतो. फॉलोऑन देताना कर्णधार एका डावाची थकवणूक पत्करत नाही, सलग दोन डावांची पत्करतो. ५८ षटकांनंतर लगेच १७८ षटके. शेन वॉर्न यांनी त्यांपैकी ३४ टाकली, १५२ धावा दिल्या आणि एक बळी मिळवला. भारताने ७ बाद ६५७ वर डाव घोषित केला. (१९५८ मध्ये ब्रिजटाउनला ४७३ धावांची पिछाडी असताना पाकिस्तानने फॉलोऑननंतर सामना वाचवला, तेव्हाचीही धावसंख्या ६५७च होती, हनीफ मोहम्मद यांनी त्यात ९७० मिनिटे फलंदाजी करून ३३७ धावा केल्या होत्या.) उन्हात दीड दिवसाहून अधिक धावलेले ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पाचव्या दिवशी फलंदाजीला उतरले. ३ बाद १६६ वरून ८ बाद १७४. हरभजनचे ६ बळी, सचिनचे ३, भारत १७१ धावांनी विजयी.

त्या सामन्याची सावली पुढच्या निर्णयांवर पडलेली दिसते. कोलकात्यात दुसऱ्या डावात शून्यावर बाद झालेले रिकी पाँटिंग २००६ मध्ये ब्रिस्बेनला कर्णधार होते. ४४५ धावांची आघाडी असूनही त्यांनी इंग्लंडला फॉलोऑन दिला नाही आणि सामना २७७ धावांनी जिंकला. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये वेलिंग्टनला बेन स्टोक्स यांनी २२६ धावांच्या आघाडीवर तो दिला. न्यूझीलंडने केन विल्यमसन यांच्या १३२ धावांसह ४८३ धावा उभारल्या आणि सामना एका धावेने जिंकला. फॉलोऑननंतर जिंकण्याची कसोटी इतिहासातील ती चौथी वेळ.

आणि ऑगस्ट २००७चे ओव्हल. मालिकेत भारत १-० ने पुढे. भारत ६६४, इंग्लंड ३४५; आघाडी ३१९. भारतीय गोलंदाजांनी नुकतीच शंभरावर षटके टाकली होती. विश्रांतीचा दिवस तर केव्हाच इतिहासजमा झाला होता. कर्णधाराने फॉलोऑन दिला नाही. स्वतः फलंदाजीला उतरून, ३ बाद ११ अशा अवस्थेत, त्याने ९६ चेंडूंत १२ धावा केल्या. भारताने ६ बाद १८० वर डाव सोडला, इंग्लंडपुढे ५०० धावांचे लक्ष्य ठेवले आणि इंग्लंडने ६ बाद ३६९ करून सामना अनिर्णित राखला. जिंकण्याची संधी भीतीपोटी दवडली, अशी झोड समालोचकांनी आणि वृत्तपत्रांनी उठवली. १९८६ नंतर, म्हणजे एकवीस वर्षांनी, भारताने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली होती. त्या कर्णधाराचे नाव राहुल द्रविड.